मे महिन्यात न काढलेला मध

आबांनी पेटी उघडलीच नाही. मागच्या बाजूनं गेले, तळपाटाखाली चार बोटं घातली, पेटी अंगुळभर उचलली आणि तशीच हळू खाली टेकवली. म्हणाले, "हिला औंदा हात लावायचा न्हाई." पुढच्या पेटीपाशी गेले, पुन्हा तेच. "हितला थोडा निघंल." तिसरीपाशी जरा जास्त वेळ थांबले, दुसऱ्यांदा उचलून पाहिली आणि काही न बोलता पुढं सरकले.

मे संपत आला होता. महाबळेश्वरच्या पठारावरून खाली उतरत गेलं की लागणाऱ्या एका खोऱ्यात आबांचं गाव आहे. वर बाजारात पर्यटकांची शेवटची झुंबड उडालेली, दुकानादुकानांतून मधाच्या बाटल्या मांडलेल्या: जांभळाचा मध, हिरड्याचा मध, कारवीचा मध. आणि खाली रानाच्या कडेला, ज्याच्याकडे तो मध खरोखर होता तो माणूस, कुठल्या पेटीतला किती काढायचा नाही हे ठरवत होता. त्याला कुणी विचारणारं नव्हतं. माशांनी तक्रार केली नसती आणि गिऱ्हाइकानं तर बाटल्या हातातून ओढून घेतल्या असत्या. ते चार बोटांनी पेटी तोलणं माझ्या मनात रुतून बसलं. तेव्हापासून मधाची बाटली हातात घेतली की मागे किती राहिला असेल, हा विचार आधी येतो.

मधमाशांच्या बेगमीबद्दल वाचायला गेलं तर सगळीकडे हिवाळा भेटतो. बर्फ, बंद दारं, आत एकमेकींना बिलगून बसलेल्या माशा. आपल्या सह्याद्रीतल्या सातेरी माशीला थंडी फारशी छळत नाही. थंडीत इथं बऱ्यापैकी फुलोरा असतो. तिचा कठीण काळ जूनमध्ये सुरू होतो. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. मार्च-एप्रिलात जांभूळ फुलून गेलेलं असतं, त्याच्या मागून हिरडा. वळवाच्या एक-दोन सरी झाल्या की झाडांवरचं उरलंसुरलं धुऊन जातं. मग ढग उतरतात ते घरात शिरतात. आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. पावसात माशीला उडता येत नाही, आणि घटकाभर उघडीप मिळून ती बाहेर पडलीच तर जावं अशी फुलं थोडी, त्यांतला मकरंद पाण्यानं पातळ झालेला. परागकणही भिजलेले. पिल्लांना लागणारं पोषण त्या परागातच असतं, नुसत्या गोडावर अळी वाढत नाही.

म्हणून पेटीत सगळं आक्रसत जातं. राणी अंडी घालणं कमी करते. म्हाताऱ्या माशा मरतात, नव्या कमी जन्मतात. सगळ्या पोळ्यांवर पहारा द्यायला अंगं पुरत नाहीत, आणि जी पोळी उघडी पडतात त्यांत मेणकिडा शिरतो. पाण्यानं वारुळं सोडलेल्या मुंग्या कोरडी जागा शोधत पेटीकडे येतात. ज्यानं पेट्या सांभाळल्या आहेत तो मेअखेरीस हे सगळं डोळ्यांपुढं आणून कामाला लागतो. पेटीच्या अडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे. पेटी पुढच्या बाजूला किंचित उतरती करायची, म्हणजे दारातून पाणी आत न येता बाहेर निथळेल. नैर्ऋत्येच्या वाऱ्याला पाठ करायची. दार अरुंद करायचं. काळी पडलेली जुनी पोळी काढून टाकायची, रिकामी मधकोठी उतरवून घ्यायची, म्हणजे माशांना तेवढीच कमी जागा ऊबदार ठेवावी लागेल. वर झाकणावर गवत किंवा प्लास्टिक. वरच्या गावात याच दिवसांत घरांच्या पावसाळी अंगाला गवताच्या ताट्या बांधतात, तेव्हा खाली पेट्यांनाही तसंच बांधलं जात असतं.

पण ही सगळी कामं वरवरची. आत पोळ्याच्या वरच्या कडेला, मेणाच्या झाकणाखाली किती मध राहिला आहे, यावर सगळं अवलंबून असतं.

सातेरीचा एक स्वभाव मला फार आवडतो, मधपाळांना मात्र तो रडवतो. अन्न संपलं, मेणकिडा वाढला, फार छळ झाला की ती घर सोडून जाते. सगळी वसाहत एकदम, राणीसकट. "माशी उठली" म्हणतात. सकाळी जावं तर पेटी रिकामी, पोळ्यांवर चार-दोन चुकार माशा. युरोपातली मेलिफेरा माशी सहसा असं करत नाही, ती आहे तिथंच उपाशी मरते. त्या माशीला पाळणं म्हणूनच सोपं गेलं असावं. सातेरीला राबवता येत नाही, तिला राहावंसं वाटेल असं ठेवावं लागतं. जुलैच्या मुसळधार पावसात उठलेली वसाहत कुठं जाते, कुठल्या ढोलीत शिरते, तिथं काय खाते, कोण जाणे. बहुतेक वाचत नसावी. तरी ती जाते. जिथं आपल्या पोटाचा विचार झालेला नाही तिथं न राहण्याचा तो निर्णय मला नेहमी आदराचा वाटत आला आहे.

थंड मुलखातली माशी जाऊ शकत नाही, कारण बाहेर जायला जग नसतं. तिची रीत वेगळी आहे. अठराव्या शतकात जिनिव्हाला फ्रांस्वा ह्यूबर नावाचा गृहस्थ होऊन गेला. तरुणपणीच त्याची दृष्टी गेली होती. बर्नेंस नावाचा नोकर त्याच्यासाठी बघायचा आणि ह्यूबर त्याला काय बघायचं ते सांगायचा. प्रश्न एकाचे, डोळे दुसऱ्याचे. या जोडीनं वर्षानुवर्षं पोळी न्याहाळली आणि १७९२ साली ह्यूबरचं पुस्तक प्रसिद्ध झालं. हिवाळ्यात माशा गोठून पडत नाहीत, त्या जाग्या असतात आणि पोळ्यात ऊब राखतात, हे त्यानं ठामपणे मांडलं. आज आपल्याला ती ऊब कशी येते ते माहीत आहे. माशा गोळा होऊन बसतात आणि पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवतात. मध खायचा आणि त्याची उष्णता करायची. गोळ्याच्या मध्यभागी पिल्लं असतील तर तिथं ३५ अंशांच्या आसपास तापमान राखलं जातं, बाहेर बर्फ असला तरी. त्यासाठी शरदात जन्मलेल्या माशा वेगळ्याच घडणीच्या असतात, अंगात चरबी साठवलेल्या. उन्हाळ्यातली कामकरी माशी सहा आठवडे जगते, ही पाच-सहा महिने जगते. कडक हिवाळ्याच्या प्रदेशात एका पेटीत २५ ते ४० किलो मध मागं ठेवावा लागतो. आणि तेवढा ठेवूनही कधी कधी वसंतात पेटी उघडली की माशा मेलेल्या आढळतात, डोकी रिकाम्या घरांत खुपसलेली, आणि दोन बोटांवर भरलेलं पोळं तसंच्या तसं. थंडी इतकी होती की गोळा सोडून तेवढं अंतरही ओलांडता आलं नाही. साठा असून चालत नाही, तो तोंडाशी असावा लागतो.

त्याच मुलखात, पेट्या येण्याआधी, पेंढ्याच्या उलट्या टोपल्यांत माशा पाळायचे. टोपलीत पोळी आतून चिकटलेली, ती सोडवता येत नसत. मध काढायचा तर पोळी कापून काढायची, म्हणजे वसाहत गेली. मग शरदात टोपल्या हातानं उचलून तोलल्या जात. जी सगळ्यात जड, तिच्यात मध भरपूर, ती घ्यायची. जी सगळ्यात हलकी, ती काही हिवाळा काढत नाही, तीही घ्यायची. घ्यायची म्हणजे खड्ड्यात गंधक जाळून त्यावर टोपली ठेवायची. मधल्या वजनाच्या तेवढ्या पुढच्या वर्षासाठी ठेवत. हे वाचल्यापासून मला ती जड टोपली विसरता येत नाही. ज्यांनी सगळ्यात जास्त राबून सगळ्यात जास्त साठवलं, त्यांचा साठाच त्यांना भोवला. आणि हे करणारे लोक दुष्ट नव्हते. त्यांच्यापुढं सगळं किंवा काहीच नाही एवढाच पर्याय होता. आपल्याकडच्या रानातही सातेरीचं पोळं ढोलीतून काढून, पिल्लांसकट हातानं पिळून घ्यायची रीत होतीच.

१८५१ साली अमेरिकेतल्या लोरेन्झो लँगस्ट्रॉथ या पाद्रीला एक फट सापडली. माशा पोळ्यांमध्ये जाण्यायेण्यापुरती ठरावीक जागा मोकळी सोडतात. त्याहून कमी असेल तर डिंकासारख्या चिकट द्रव्यानं बुजवतात, जास्त असेल तर तिथं पोळं बांधतात. तेवढीच जागा चौकटीभोवती सोडली तर चौकट चिकटत नाही, बाहेर काढता येते, परत ठेवता येते. जगभरच्या मधपेट्या त्या सेंटिमीटरभरापेक्षा लहान फटीवर उभ्या आहेत. आपल्या सातेरीच्या पेट्याही, मापं तेवढी लहान. माझ्या मते या शोधाचं मोठेपण मध जास्त मिळण्यात नाही. त्याआधी 'किती' हा प्रश्न विचारताच येत नव्हता. चौकट हलू लागली आणि मग दोन काढाव्यात की तीन, ही अर्धी भरलेली राहू द्यावी का, असं माणसाला स्वतःशी बोलावं लागलं.

आबा पेटी तोलतात, तशी माझी आजी कणगीला ठोकायची.

बांबूची विणलेली, शेणानं सारवलेली उंच कणग. माजघराच्या कोपऱ्यात तिची जागा. श्रावणातल्या एखाद्या दुपारी आजी तिच्यापाशी उभी राहायची आणि वरून खाली बोटांच्या पेरांनी ठोकत यायची. टक, टक, टक, आणि एका जागी आवाज दबायचा. तिथवर भात. ती जागा अंगठ्यानं दाबून धरायची, तोंडानं काहीतरी पुटपुटायची, आणि मग कुठल्याशा जावेला सांगायची, उद्यापासून रात्रीची पेज.

कोकणातलं घर होतं ते, खाडीपासून फार लांब नाही. तेव्हा मुंबईहून येणारी बोट पावसाळ्यात बंद व्हायची. मेअखेरीस शेवटची बोट यायची, मग थेट गणपतीच्या सुमाराला वाट उघडायची. वडील आणि दोन्ही काका मुंबईला. शेवटच्या बोटीनं त्यांनी धाडलेला डबा येई, त्यात चहापूड, साखर, काडेपेट्यांचे पुडे, रॉकेलच्या चिमणीच्या वाती, आजोबांची औषधं. काडेपेट्या आजी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायची, म्हणजे सादळत नसत. मीठ चुलीच्या वरच्या फळीवर, मडक्यात. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, ते पाझरून खाली यायचं आणि फळीला पांढरी कड पडायची. गूळ चिनी मातीच्या बरणीत, तोंडाला फडकं बांधून. बाकीची बेगमी एप्रिलपासूनच चाललेली असे. उकडे तांदूळ, कुळीथ, कडवे वाल. आमसुलं उन्हात काळी पडत चाललेली. फणसाचे पापड, पोह्याचे पापड, सांडगी मिरच्या, आंब्याची साठं सुपावर वाळत घातलेली आणि त्यांच्यावर पहारा द्यायला आम्ही पोरं. सुके बोंबील, सुकट, सोडे, यांची वेगळी पेटारी, ती घरात नाही, बाहेर पडवीत टांगलेली. लाकूडफाटा मांगरात छपरापर्यंत रचलेला. शेणी.

मी पाहिलेली एवढी वर्षं, ही बेगमी म्हणजे एक ढीग नव्हता. बाहेरून तसा दिसे. आजीच्या डोक्यात त्याचे वाटे पाडलेले असत आणि ते कुणाला सांगितलेले नसत. एक वाटा बियाण्याचा. तो राखेत घोळवून, मडक्याचं तोंड शेणमातीनं लिंपून, माळ्यावर. त्याच्याकडे मान वर करून बघायचंसुद्धा नाही. मृगात ते मडकं उतरायचं, पेरणी व्हायची, रिकामं मडकं परत माळ्यावर जायचं. एक वाटा गणपतीचा. कारण गणपतीला सगळे मुंबईकर येणार, सुना, नातवंडं, जावई, आणि नेमकं तेव्हाच घर सगळ्यात रिकामं असतं. नवं भात कापणीला अजून महिना-दीड महिना. जे घर जूनमध्ये भरलेलं असताना कुणी पाहुणा येत नाही ते भाद्रपदात, तळ दिसायला लागलेला असताना, माणसांनी भरतं. म्हणून ती गुळाची एक बरणी, तांदळाचा एक डबा आणि कोपऱ्यातल्या नारळांची रास या तिन्हींना जूनपासून हात लागत नसे. आषाढात पेजेबरोबर गूळ मागितला तर तो मिळायचा नाही. गूळ तर समोर दिसायचा. फडक्याला मुंगी लागलेली दिसायची. "तो गणपतीचा," एवढंच उत्तर.

आणि एक वाटा होता जो मला फार उशिरा कळला. आमच्या वाडीत वरच्या अंगाला एक घर होतं. नवरा वारलेला, तीन पोरं, जमीन कोंडीवरची, खडकाळ. नागपंचमीच्या आसपास त्या घरातली बाई मागच्या दारानं यायची. संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी. ती काही मागत नसे. पडवीत बसायची, आजीशी पावसाचं बोलायची, वाफ्यातल्या काकडीचं बोलायची. मग आजी उठून आत जायची आणि पायलीनं भात मोजून आणायची. मोजून, कारण ते उसनं होतं, दिवाळीला नवं भात आलं की ती बाई तेवढंच परत आणून घालायची. त्यात तिचा मान होता आणि आजी तो राखायची. देताना मात्र आजी पायलीवर शीग लावायची, हात न फिरवता, जेवढं वर राहील तेवढं राहू द्यायची. परत घेताना पायली हातानं सपाट करायची, वरचं तिच्या सुपात लोटायची. हे दोघींनाही माहीत होतं आणि त्याबद्दल कधी बोलणं झालं नाही. तो शिगेचा भात मे महिन्यातच बाजूला पडलेला असणार. तेव्हाच, कणग भरताना, आजीनं त्या बाईचं धरलेलं असणार. ती आलीच नसती तर? असं मी एकदा विचारलं होतं. आजी म्हणाली, "येवंदे नायतर नको येवंदे. भात काय कुजता?"

आजी गेली त्या वर्षी मी कणगीला ठोकून पाहिलं होतं. आवाज सगळीकडे सारखाच आला. कान घडवावा लागतो.

आता ते घर नाही, बोटही नाही. गावाला गाडी जाते, दुकानात बारा महिने सगळं मिळतं. याचं मला वाईट वाटत नाही. त्या बाईच्या नातीला आता मागच्या दारानं जावं लागत नाही, ही गोष्ट कुठल्याही बेगमीपेक्षा मोठी आहे.

पावसाळ्यात माशांनाही आता बाजारातून आणून घालता येतं. साखरेचा पाक. साखर आणि पाणी सारख्या वजनानं घ्यायचं, उकळून निववायचं आणि पेटीच्या आत वाटीत ठेवायचं, वर काड्या टाकून, म्हणजे माश्या बुडणार नाहीत. एका पेटीला आठवड्याला २०० ग्रॅम साखर, असं प्रमाण सांगतात. संध्याकाळीच घालायचं. दिवसा घातलं तर वास पसरतो, शेजारच्या पेट्यांतल्या माशा लुटायला येतात आणि दुबळी वसाहत मारामारीत संपते. सगळ्या पेट्यांना एकाच वेळी द्यायचं, एक थेंब बाहेर सांडायचा नाही. महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, पुण्याला १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. अशा ठिकाणांहून शिकून आलेली माणसं हे सगळं चोख करतात आणि त्यामुळे कितीतरी वसाहती तगतात. ज्या वर्षी वळीव लवकर येतो, हिरडा धुऊन जातो, त्या वर्षी पाक नसेल तर माशी उठणारच. तिथं माझी काही तक्रार नाही.

पण मे महिन्यात पेटी खरवडून रिकामी करायची आणि जूनपासून साखरेवर ठेवायची, हा हिशेब मला पटत नाही. मधाची किंमत साखरेच्या कितीतरी पट, तेव्हा व्यवहारात तो बरोबर बसतो. मध काढा, विका, त्यातल्या थोड्या पैशांची साखर आणून घाला. फक्त मध म्हणजे नुसती साखर नाही. त्यात माशीच्या स्वतःच्या अंगातले रस मिसळलेले असतात, खनिजं असतात, त्या रानाचे परागकण असतात. माशीनं पंखांनी वारा घालून घालून त्यातलं पाणी उडवलेलं असतं आणि टिकेल अशा घट्टपणाला आला की मगच मेणाचं झाकण बसवलेलं असतं. ओल्या हवेत पातळ पाक आंबतो, झाकणाखालचा मध चार महिने जसाच्या तसा राहतो. आबांना मी पाकाबद्दल विचारलं. म्हणाले, "घालतो की ताई. आजारी मानसाला सलाईन लावतोच की आपुन. पर सलाईनवर कुनी शेती करतं का?"

त्यांच्या पेटीतून वर्षाला चार-पाच किलो मध निघाला तर ते खूश असतात. मेलिफेरा पाळणारे याच्या कितीतरी पट काढतात, पेट्या ट्रकमधून फुलांच्या मागे राज्यभर नेतात. सातेरी गावातच राहते. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ च्या मे महिन्यात देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तेव्हापासून या भागात येणारी माणसं मध बघायला म्हणूनही येतात. ती येतात उन्हाळ्याच्या सुट्टीत. पेट्या जुलैत बघायला हव्यात. धुक्यात, झाकणावरून पाणी गळत असताना पेटीच्या लाकडाला कान लावला की आतून एक सलग, बारीक गुणगुण ऐकू येते. भरल्या पोटाची वसाहत आणि उपाशी वसाहत यांच्या आवाजात फरक असतो म्हणतात.

त्या फरकाचं फळ सप्टेंबरात दिसतं. कारवी आठव्या वर्षी फुलते. सात वर्षं नुसती हिरवी, पावसाळ्यानंतर वाळकी, काठ्याकुठ्या. आठव्या वर्षी पावसाच्या उत्तरार्धात अख्खे डोंगरउतार जांभळे होतात आणि मधाचा पूर येतो. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ साली फुलली होती, मग २०२४ साली. प्रत्येक डोंगराचं वर्ष वेगळं असू शकतं, पण आपापलं वर्ष ती चुकवत नाही. आता यातलं कुठल्या माशीला ठाऊक असणार? कामकरी काही आठवडे जगते. राणी जगली तर दोन-तीन वर्षं. एकाही माशीनं दोन कारव्या पाहिलेल्या नाहीत. मागची कारवी ज्यांनी गोळा केली त्यांच्या कित्येक पिढ्या होऊन गेल्या. आठवण फक्त कारवीला असते आणि मधपाळाला.

आणि हिशेब असा आहे. अंडं घातल्यापासून माशी बाहेर यायला सुमारे तीन आठवडे लागतात. बाहेर आल्यावर ती आणखी दोन-तीन आठवडे घरातच राबते, झाडलोट, पिल्लांना भरवणं, मेण काढणं, आणि मग फुलांवर जाते. म्हणजे सप्टेंबरच्या मध्यावर कारवीवर जायला ज्या माशा हव्यात, त्यांची अंडी ऑगस्टच्या सुरुवातीला, ऐन झडीत घातली गेली पाहिजेत. तेव्हा पेटीत खायला नसेल तर राणी अंडी घालत नाही. मग बाहेर डोंगर फुललेला आणि पेटीत गोळा करायला कुणी नाही. मेमध्ये काढलेला एक किलो आठव्या वर्षाची अख्खी कारवी घालवू शकतो. आबांच्या चार बोटांत हे सगळं होतं. कारवी कधी येणार, त्याआधी किती पाऊस पडायचा, ही वसाहत किती खाणारी आहे, गेल्या वर्षी हिनं कसं काढलं.

कारवीचा मध मला स्वतःला जांभळाच्या मधाइतका आवडत नाही. तो गडद आणि दाट असतो, लोक त्याच्यासाठी वर्षानुवर्षं थांबतात, पण जांभळाच्या मधाला मागून जो किंचित तुरटपणा येतो तो माझ्या जिभेला जवळचा वाटतो. चहात घालून कुठलाच मध पिऊ नये, असंही माझं मत आहे. चमच्यानं खावा, उभ्यानं, लगेच.

फुलून, बी धरून झालं की कारवी मरते. सगळं रान एकदम. त्या वर्षी डोंगरात काठ्यांचा सुकाळ होतो, सरळ, बोटाएवढ्या जाड काठ्या, आणि आजूबाजूच्या गावांतून घरांचे, गोठ्यांचे कूड नवे केले जातात. काठ्या उभ्या बांधायच्या, दोन्ही अंगांनी शेणमाती लिंपायची, झाली भिंत. थंडीत मी गेले तेव्हा आबांच्या गोठ्याचं तेच काम चाललं होतं. आबा कुठंतरी गेले होते, सून दोरीनं काठ्या आवळत होती आणि तिची मुलगी पायानं माती तुडवत होती. तीन बाजू उभ्या राहिल्या होत्या, चौथीला काठ्या कमी पडत होत्या. आणखी कुठून आणणार, असं मी विचारलं. सुनेनं मान न वळवता हनुवटीनं समोरची धार दाखवली. "तिकडं हाय की भरपूर. पर तिचं साल पुढल्या खेपंला. तवर ह्या बाजूला पोतंच लावायचं."